बांधीत सापडलेले कासवाचे पिल्लू : घरी काय करावे, काय करू नये

भंडारा जिल्ह्यातील एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. धानाच्या रोवणीसाठी चिखलणी सुरू असताना बांधीच्या (भातखाचराच्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कासवाचे एक पिल्लू दिसले. ट्रॅक्टरखाली येऊ नये म्हणून शेतकऱ्याने ते घरी आणले. इंग्रजी व्हिडिओ पाहून ते ‘बॉक्स टर्टल’ असावे असे घरच्यांनी ठरवले, कारण हात लावताच ते स्वतःला पूर्ण मिटून घेते. मग त्याच व्हिडिओप्रमाणे बुटाच्या खोक्यात कोरडी माती आणि पालापाचोळा टाकला, कोपऱ्यात पाण्याची बशी ठेवली, आणि कोबी, टोमॅटो, भिजवलेली पोळी असे देऊन पाहिले. चार दिवस झाले, पिल्लू काहीही खात नाही, डोळे मिटून पडून असते. घरातल्या लहान मुलीचा त्याच्यावर फार जीव जडला आहे. त्याला काय खाऊ घालावे, हा प्रश्न आहे.

मी पशुवैद्यक आहे. नोकरीचा बहुतेक काळ भंडारा-गोंदिया पट्ट्यात गेला, आणि गाईबैलांच्या दवाखान्यात लोक घुबडापासून घोरपडीपर्यंत काय काय घेऊन येतात हे त्या पट्ट्यात काम केलेल्या कोणालाही विचारा. तुम्ही प्रश्न खाण्याचा विचारला आहे, पण सोबतचा फोटो पाहिल्यावर माझ्या मते अडचण खाण्याची नाही, पाण्याची आहे. त्यामुळे पुढचे वाचण्याआधी एक काम करा. पसरट भांड्यात किंवा टबात स्वच्छ, साधे पाणी इतकेच घ्या की पिल्लाचे चारही पाय तळाला टेकलेले असताना मान जराशी वर करताच नाक पाण्याबाहेर येईल. त्यात त्याला हळूच ठेवा आणि अर्धा तास कोणीतरी जवळ बसा. अशक्त झालेले पिल्लू खोल पाण्यात बुडून मरू शकते, म्हणून पाणी मुद्दाम उथळ ठेवायचे. डोळे आत गेलेले असतील तर ते पाणी कमी पडल्याचे लक्षण समजावे, आणि पुष्कळदा अशा पाण्यात काही तास गेल्यावर पिल्लू मान बाहेर काढू लागते.

आता ते कोण आहे याविषयी. बॉक्स टर्टल हे मुख्यतः उत्तर अमेरिकेतील, जमिनीवर पालापाचोळ्यात राहणारे कासव आहे. आशियातही त्या नावाने ओळखली जाणारी काही कासवे आहेत, पण भारतात ती ईशान्येकडच्या राज्यांत आढळतात, विदर्भात नाहीत. त्यांच्या पोटाकडच्या कवचाला आडवी बिजागरी असते आणि त्यामुळे कवच पेटीसारखे बंद होते. मात्र अमेरिकी जातींत नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची ही बिजागरी चालत नाही, ती काही वर्षांनी तयार होते. म्हणजे तुमचे पिल्लू स्वतःला मिटून घेते हे निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि नेमके त्याच निरीक्षणावरून ते बॉक्स टर्टल नाही असे म्हणता येते.

फोटोत पाठीवर कडक खवल्यांचे चौकोन दिसत नाहीत. पाठ गुळगुळीत, ओल्या चामड्यासारखी, मातकट हिरवट आहे, आणि नाक पुढे नळीसारखे निघालेले आहे. पिल्लाला ओल्या हाताने दोन्ही बाजूंनी धरून क्षणभर वर उचला आणि पोटाकडून मागच्या पायांजवळ पाहा. तिथे कातडीच्या दोन झडपा असतील आणि पाय आत घेतल्यावर त्या पायांवर येत असतील, तर ते आपल्या तलावांतले, बोड्यांतले (शेतातल्या लहान तळ्यांतले) नेहमीचे मऊ पाठीचे कासव आहे. इंग्रजीत त्याला इंडियन फ्लॅपशेल आणि शास्त्रीय भाषेत लिसेमिस पंक्टाटा म्हणतात. त्याच्या प्रत्येक पायाला तीन नख्या असतात. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण सगळी काळजी तिच्यावर अवलंबून आहे. पाठ कडक असेल आणि तिच्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या तीन उभे कंगोरे असतील, तर ते आपल्याकडचे काळे कासव असण्याची शक्यता जास्त. त्यालाही पाणी लागते, पण टेकायला कोरडी जागा अधिक लागते. पाय हत्तीसारखे खांबट आणि बोटांमध्ये पडदा नसेल, तर ते जमिनीवरचे कासव आहे आणि त्याला पाण्यात ठेवणे उलट जिवावर बेतेल. अंग हिरवेगार आणि डोळ्यामागे लाल पट्टा असेल, तर ते कोणीतरी दुकानातून आणून सोडून दिलेले परदेशी कासव आहे, आणि ते आपल्या कोणत्याही तलावात सोडायचे नाही. तुमच्या फोटोवरून मला पहिल्या शक्यतेबद्दल फारशी शंका वाटत नाही, म्हणून पुढचे सगळे मऊ पाठीच्या कासवाला धरून लिहितो.

कोरड्या मातीचे खोके या जातीला इतके का बाधते, तेही सांगतो. कडक कवचाच्या कासवाच्या पाठीवर शिंगासारख्या पदार्थाचे खवले असतात आणि ते अंगातला ओलावा बराच धरून ठेवतात. मऊ पाठीच्या कासवाला ते नसतात, पाठीवर केवळ कातडी असते. मोठे झालेले कासव उन्हाळ्यात तलाव आटला तरी चिखलात खोल गाडून घेऊन तग धरते, पण चार सेंटिमीटरच्या पिल्लाच्या अंगात साठाच किती असणार? अमेरिकेतील व्हिडिओत सांगितलेली काळजी त्या प्राण्यासाठी चुकीची नाही, ती फक्त या प्राण्याची नाही.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण सांगितली पाहिजे. हे पिल्लू एकटे होते म्हणून ते पोरके झाले, असे समजण्याचे कारण नाही. कासवांमध्ये आई अंडी मातीत पुरते आणि निघून जाते, पुढे ती पिल्लांकडे ढुंकूनही पाहत नाही. या जातीची अंडी पुष्कळदा पावसाळा सरताना घातली जातात, बरेच महिने जमिनीत राहतात, आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला माती भिजली की पिल्ले बाहेर येऊन पाण्याकडे चालू लागतात. मामा तलावाच्या (माजी मालगुजारी तलावाच्या) पाळीवर किंवा धुऱ्यावर जून-जुलैत एकटे चालणारे पिल्लू म्हणूनच नेहमीचे दृश्य आहे. ट्रॅक्टरच्या वाटेतून ते उचलणे योग्यच होते. पण धोका तेवढाच असेल तर त्याला जवळच्या पाण्याच्या कडेला, गवताच्या आडोशाला ठेवले की काम संपते. घरी आणण्याची गरज जखम असेल तर, कुत्र्याने किंवा कावळ्याने धरले असेल तर, किंवा ते हालचालच करत नसेल तर पडते. तुमच्या पिल्लाला सापडले तेव्हा जखम नव्हती असे तुम्ही लिहिले आहे. आता मात्र चार दिवसांच्या कोरड्या मुक्कामानंतर ते अशक्त झाले आहे, त्यामुळे त्याला आज लगेच तलावात नेऊन टाकू नका.

कायद्याची बाजू टाळता येणार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ही जात अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच याला. ती बाळगणे हा गुन्हा आहे आणि शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद व दंड अशी आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३९ मध्ये असेही सांगितले आहे की असा प्राणी कोणत्याही कारणाने ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे. तुमची मुदत उलटून गेली आहे, म्हणून आजच फोन करा. वन विभागाचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक आहे, किंवा तुमच्या बीटचे वनरक्षक गावात येतातच, त्यांना गाठा. शिक्षेचा आकडा ऐकून लोक घाबरतात आणि पिल्लू लपवून ठेवतात किंवा रात्री कुठल्यातरी विहिरीत टाकून येतात. माझा अनुभव असा आहे की स्वतःहून फोन करून खरे ते सांगणाऱ्या शेतकऱ्याला वन कर्मचारी त्रास देत नाहीत. अडचण होते ती महिनोन्‌महिने पाळलेले कासव शेजाऱ्याच्या तक्रारीवरून सापडते तेव्हा. पावसाळ्यात कर्मचारी यायला एक-दोन दिवस लागू शकतात, आणि तेवढ्या काळापुरतेच घरातली व्यवस्था कशी असावी हे खाली लिहितो.

फूटभर रुंद प्लास्टिकचा टब पुरे. तळाला बोटभर बारीक नदीची वाळू धुऊन घाला. गिट्टी किंवा टोकदार खडे नकोत, कारण पोटाकडची कातडी घासली की तिथे बुरशी धरते. एका बाजूला जुने कवेलू (छपराचे कौल) पालथे, जरा तिरके ठेवा, म्हणजे खाली लपता येईल आणि वर चढून अंग कोरडे करता येईल. पाणी विहिरीचे किंवा बोअरचे वापरा. पावसाळ्यात ग्रामपंचायत नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, त्यामुळे नळाचे पाणी वापरायचेच असेल तर एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग घ्या. बांधीतले पाणी ‘नैसर्गिक’ म्हणून आणू नका, रोवणीच्या दिवसांत त्यात तणनाशक किंवा कीटकनाशक असू शकते. पाणी रोज बदलावे, खाणे टाकले असेल तर दोन वेळा, आणि टब साबणाने धुऊ नये.

टब सावलीत, पण अंधाऱ्या खोलीत नको. सकाळचे कोवळे ऊन टबाच्या अर्ध्या भागावर पडेल आणि उरलेला अर्धा सावलीत राहील अशी जागा पाहा. पूर्ण उन्हात ठेवलेला उथळ टब पावसाची उघडीप असताना फार लवकर तापतो, आणि पिल्लाला पळायला जागा नसते. वरून मच्छरदाणीचे कापड ताणून बांधा, कारण मांजर आणि कावळा हे दोघे टबाची वाटच पाहत असतात. टब जमिनीवर असेल तर मुंग्यांकडे लक्ष द्या. अशक्त पिल्लाच्या डोळ्यांना आणि बेंबीला मुंग्या लागलेल्या मी पाहिल्या आहेत. टबाखाली चार विटा घालून त्या पाणी भरलेल्या परातीत ठेवल्या तर तो प्रश्न मिटतो.

पिल्लू सुधारते आहे की नाही, हे ते वाळूत कसे शिरते यावरून कळते. धडधाकट पिल्लू आधी पुढचे पाय आडवे फिरवून वाळू बाजूला सारते, मग अंग डावी-उजवीकडे हलवत खाली दबते, आणि थोड्या वेळाने वाळूवर नाकाचे टोक आणि दोन डोळे एवढेच उरतात. मधूनमधून मान लांब करून ते नाक पाण्याबाहेर काढते आणि परत ओढून घेते. हे दिसू लागले की त्याला उचलून पाहण्याचा मोह आवरा. दर तासाला कोणीतरी हातात घेतलेले पिल्लू खात नाही, आणि ते आजारी आहे असे समजून घरचे अजून हाताळतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा उरलेला असतो आणि त्यावर ते काही दिवस निघू शकते, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत खाण्याचा आग्रह नकोच. नाकाच्या टोकाखाली पांढरा बारीक दाणा दिसत असेल, तर तो अंडे फोडण्याचा दात आहे, आणि पिल्लू फार तर काही दिवसांचे आहे असे समजा. पोटाच्या मध्यावर बलकाची पिवळसर गाठ अजून बाहेर दिसत असेल, तर ती ओढू नका, दाबू नका. अशा पिल्लाला वाळूत न ठेवता ओल्या, स्वच्छ सुती कापडावर ठेवा. वन विभागाला यायला उशीर झाला, तर तिसऱ्या दिवशी गांडुळाचा बारीक तुकडा किंवा कवच काढलेला ताजा झिंगा चिमटीएवढा, पाण्यातच, संध्याकाळी द्यावा. ही जात गोगलगायी, बेडकाची पिल्ले, किडे, मासळी आणि पाणवनस्पती असे सगळे खाते, पण लहान असताना तिचा कल हलणाऱ्या खाण्याकडे असतो. म्हणूनच कोबीकडे तुमच्या पिल्लाने पाहिले नाही. दूध, पोळी, भात, पोहे, टोस्ट, फरसाण यांतले काहीही देऊ नये. तोंड उघडून कोंबणे तर मुळीच नको. तासाभरात न खाल्लेले काढून टाका, नाहीतर त्याच पाण्यातून डोळ्यांना आणि कातडीला संसर्ग होतो.

काही लक्षणे दिसली तर वाट न पाहता डॉक्टर गाठायचा. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे आणि पोहताना एका बाजूला कलणे ही फुफ्फुसाच्या संसर्गाची लक्षणे आहेत. कातडीवर कापसासारखे पांढरे ठिपके ही बहुधा बुरशी असते. पापण्या सुजून डोळे चिकटणे हे जास्त दिवस घरात राहिलेल्या पिल्लात दिसते. कुत्र्याच्या दाताची किंवा औताची जखम असेल, तर उकळून थंड केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने धुवा, पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावा, आणि पिल्लू पाण्यात न ठेवता ओल्या कापडावर ठेवून न्या. हळद, चुना, राख, फेविक्विक यांतले काही जखमेत भरू नका, कारण ते काढताना जखमेपेक्षा जास्त कातडी जाते.

आणि एक इशारा, तो गावातल्या माझ्या व्यवसायबंधूंनाही उद्देशून आहे. जखमेत अळ्या पडल्या की आपल्याकडे हात सवयीने आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाकडे जातो, शेळ्यांना आपण तेच टोचतो. कासवाला आयव्हरमेक्टिन देऊ नये. ते त्यांच्या मज्जासंस्थेत शिरते, अंग लुळे पडते आणि प्राणी मरतो. शेळीच्या मात्रेच्या अंशानेही हे होऊ शकते. फिनाइल आणि पेट्रोलचे बोळेही नकोत. अळ्या चिमट्याने एकेक काढाव्यात आणि जखम सलाइनने धुवावी, एवढेच तिथल्या तिथे करण्यासारखे आहे. पुढच्या उपचारासाठी नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र आहे, आणि वनरक्षकामार्फत गेलात तर तिथे प्राणी रीतसर दाखल होतो.

मुलीचा जीव त्याच्यावर आहे, मग घरीच वाढवले तर काय, असे तुम्ही उघड विचारलेले नाही, पण प्रश्नात ते आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी उत्तर बदलत नाही. पिल्लाच्या हाडांना थेट सूर्यप्रकाश लागतो, खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगी पडत नाही, कारण जीवनसत्त्व ड तयार करणारे किरण काच अडवते. अशी पिल्ले काही महिने बरी दिसतात आणि मग पाय लुळे पडतात, पाठ वेडीवाकडी होते. जी वाचतात ती वीत-दीड वीत वाढतात, आणि मऊ पाठीचे कासव मान मागे वळवून चावते, हे ज्याने जाळ्यातून एखादे सोडवले आहे त्याला विचारावे. शिवाय कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून टबाला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, टबाचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत न ओतणे आणि पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू न देणे, हे या दोन-तीन दिवसांतही पाळावे.

घरात कासव आले की लक्ष्मी आली असे शेजारी सांगतील, त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. विहिरीत सोडा म्हणजे पाणी स्वच्छ राहील, हा सल्ला मात्र ठामपणे नाकारा. बांधलेल्या विहिरीत त्याला चढायला काठ नाही, अंडी घालायला माती नाही, आणि तिथे ते वर्षानुवर्षे नुसते जिवंत राहते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर टाकू नका. ठरावीक संख्येच्या नख्यांचे कासव पैसा आणते या अंधश्रद्धेपोटी नख्या मोजून कासव विकत घेणारे आणि पैशांच्या पावसाचे आमिष दाखवणारे लोक आपल्या भागात फिरतात. तुमच्या पिल्लाच्या चारही पायांच्या मिळून बाराच नख्या निघतील, पण ते सांगायलाही अशा माणसांना घरापर्यंत येऊ देऊ नये.

सोडण्याचा निर्णय वन विभागाचा, पण जागा कोणती हे तुम्हीच सांगू शकता. जिथे सापडले त्याच बांधीच्या वरचा किंवा खालचा तलाव, त्याच ओढ्याचे पाणी, ही योग्य जागा. दूरच्या मोठ्या धरणात सोडले तर एका पाण्यातले आजार दुसऱ्यात जातात आणि पिल्लालाही ती जागा परकी असते. काठाला गवत, पाणकणीस किंवा बेशरमाची झुडपे असलेला उथळ भाग निवडावा. वेळ सूर्यास्तानंतरची, पाऊस पडून गेलेला असेल तर उत्तम. पिल्लाला पाण्यात फेकू नये. काठापासून हातभर अलीकडे ओल्या मातीवर ठेवले की त्याचे ते चालत जाते.

मुलीला यात काम द्या. सापडल्याची तारीख, वेळ, बांधी कोणाची, जवळचा तलाव कोणता, पिल्लाची लांबी पट्टीने मोजून किती, आणि रोज ते किती वेळा नाक वर काढते, हे तिने वहीत लिहावे. वनरक्षक आले की पंचनाम्यासाठी त्यांना यातले बरेच उपयोगी पडते. तुम्हालाच घेऊन जायची वेळ आली, तर झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात चांगले पिळलेले ओले सुती फडके घाला आणि पिल्लू त्यावर ठेवा. डब्यात पाणी भरू नका, खड्ड्यांच्या रस्त्यावर ते पाण्यात आपटते आणि उलटे झाले तर बुडते. डबा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका, एसटीत इंजिनाजवळच्या गरम जागेवर नको, मांडीवर घेऊन बसा, आणि उद्या संध्याकाळपर्यंत पाण्यात ठेवूनही डोळे उघडले नाहीत तर वनरक्षकांची वाट न पाहता त्यांना फोनवर कळवून निघा.